तुरीवर ड्रोन फवारणी, कळमेश्वर साइड: चार स्टार, पाचवा हातमोज्यांनी खाल्ला

आधीच सांगून देतो, सर्विसवाल्याचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारपण आहे आणि पोरं कामाची आहेत, उगाच कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पण ड्रोन फवारणी घ्यायची का नाही, घेतली तर काय बघायचं, हे नागपूर-काटोल-सावनेर पट्ट्यातले बरेच जण विचारून राहिले म्हणून डिटेलमध्ये लिहितो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

आमचं वावर कळमेश्वर तालुक्यात, आम्ही राहतो नागपुरात मानेवाड्याला, म्हणजे शेती मोबाईलवर आणि रविवारी. पाच एकर तूर आणि बाजूला संत्र्याची जुनी बाग. यंदा पाऊस बरा झाला त्यामुळे तूर डोक्याच्या वर गेली, दोन ओळींमधून माणूस घुसला तर दिसत नाही, वरून फुलोऱ्यात आली आणि शेंग पोखरणारी अळी दिसायला लागली. ज्यांनी अशा तुरीत पाठीवर पंप घेऊन फवारलंय त्यांना माहीत आहे काय हालत होते. हात वर करून मारावं लागतं, अर्धं औषध आपल्याच तोंडावर येतं, खाली रानडुकराची वाट असते आणि साप निघाला तर पळायला जागा नाही. फवारणीवाले मजूर तर तुरीचं नाव काढलं की फोनच उचलत नाहीत, उचलला तर पंपामागे साठ रुपये आणि "उद्या येतो भाऊ". तो उद्या काही येत नाही.

म्हणून ड्रोन बोलावला. रेट पाचशे रुपये एकर, कमीत कमी पाच एकर पाहिजे अशी अट, औषध आपलं, पाणी आपलं. पंपानी एकराला बारा पंप धरा, म्हणजे १८० लिटरच्या आसपास पाणी आणि सातशेच्या वर मजुरी. ड्रोनला एकराला १० लिटर. विहिरीतून पाणी काढून ड्रम भरून बंडीनी आणायचं काम ज्याच्या नशिबी असतं त्यालाच या दहा लिटरची किंमत कळते.

आता सर्विस कशी होती. सांगितलं होतं सकाळी सात, आले साडेआठला, कारण आदल्या गिऱ्हाइकाकडे जनरेटर बंद पडला होता म्हणे. तसं धुवारीमुळे (धुक्यामुळे) पानं ओली होतीच म्हणून फार फरक नाही पडला, पण फोन करायला काय जात होतं बाप्पा. छोट्या टेम्पोत सगळा संसार, ड्रोन, बॅटऱ्यांचा संच, जनरेटर, दोन ड्रम, आणि तीन पोरं, एक पायलट, एक बॅटरी बघणारा, एक औषध कालवणारा. पायलट नरखेडकडचा, अॅग्री डिप्लोमा झालेला, बोलायला एकदम साधा. त्यानं आल्या आल्या मशीन नाही काढली, आधी धुऱ्यानी (बांधावरून) चक्कर मारली. रिमोट हातात घेऊन वावराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर उभा राहून पॉईंट घेतले, महावितरणची लाईन कुठून जाते ते बघितलं, धुऱ्यावरचा निंब आणि दोन बोरी मार्क केल्या, मग मला विचारलं, "काका, शेजारी काय आहे?" शेजाऱ्याचा सांबार (कोथिंबीर) आणि पालक आहे म्हटलं, तर त्या बाजूनी पंधरा-वीस फूट पट्टा सोडला आणि म्हणाला तेवढा पंपानी मारून घ्या, हवा तिकडेच जाऊन राहिली. खिशातून रिबिन काढून काडीला बांधून बघितली त्यानं. मला इथेच पोरगा आवडला. कारण दहा लिटरमध्ये एकराचं औषध म्हणजे ते पंपापेक्षा पंधरा-वीस पट घट्ट असतं, ते उडून कोणाच्या पालकावर गेलं आणि ती जुडी दुसऱ्या दिवशी कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात गेली तर?

उडाल्यावर काम झपाझप. तुरीच्या शेंड्यापासून दोन-अडीच मीटर वर, एका एकराला आठ-नऊ मिनिटं, टाकी आणि बॅटरी जवळपास सोबतच संपतात, खाली उतरला की एक पोरगा बॅटरी बदलतो दुसरा टाकी भरतो, मिनिटभरात परत वर. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावत नाहीत, थंड होऊ देतात, त्यामुळे सेट जास्त लागतात आणि ज्याच्याकडे दोनच सेट आहेत त्याला बोलावू नका, तो तुमच्या धुऱ्यावर अर्धा दिवस जनरेटरचा आवाज ऐकवत बसेल. आमच्याकडे चहा होईपर्यंत अर्धी तूर झाली होती. सगळं वावर हवा सुटायच्या आत संपलं.

फवारणी खरंच पडते का हा सगळ्यांचा प्रश्न असतो, माझापण होता. आमचा सालदार तर बघताच म्हणाला, "भाऊ, हे विमान वरून मुतून जाते, खालची अळी याले दिसते का?" पायलट हसला आणि पेटीतून पिवळे कागद काढले, पाण्याचा थेंब पडला की त्यावर निळा डाग उमटतो. एका झाडाला शेंड्यावर, मधात आणि खाली असे तीन कागद पिनांनी लावले आणि ड्रोन वरून नेला. शेंड्यावरचा कागद निळ्या बारीक ठिपक्यांनी गच्च भरला. मधातला बऱ्यापैकी, पंख्यांची हवा पानं हलवते त्यामुळे थेंब आत जातात. खालच्यावर हातावर मोजता येतील इतके ठिपके. म्हणजे सालदार चुकीचा नव्हता, फक्त तुरीची अळी फुलात आणि शेंगांत असते आणि फुलं-शेंगा वर असतात, म्हणून तुरीला ड्रोन चालतो. तीन-चार दिवसांनी जाऊन बघितलं तर अळ्या चांगल्याच कमी दिसल्या, पण कडेला जिथे ड्रोन वळतो तिथे एक पट्टा हलका राहिला, तिथे परत पंप मारावा लागला.

हाच कागद मग मी संत्र्यात लावायला लावला. पोरं नाही म्हणून राहिली होती, म्हणाले काका बागेत आम्ही नाही सांगत, पण मी म्हटलं एकाच झाडाचं दाखवा, पैसे घ्या. जुनी बाग, झाडं एकमेकाला भिडलेली, आत अंधार. वरचा कागद निळा, आतला कोरा ठक्क. काळी माशी पानाच्या खालच्या बाजूनी बसते, कोळशी (पानावरची काळी बुरशी) तिच्यामुळेच येते, तिथे वरून दहा लिटर शिंपडून काय होणार? संत्र्याला ट्रॅक्टरचा ब्लोअर नाहीतर एचटीपी (जास्त दाबाचा) पंप आणि गन, पाइप धरून झाडाच्या बुडातून वर मारायचं, दुसरा इलाज नाही. जो ड्रोनवाला तुम्हाला "बागपण करून देतो" म्हणेल त्याला हाच कागद दाखवा म्हणा. कपाशीला माझ्या मते ओळी मिळाल्यावर ठीक, सोयाबीनला छान, मौदा-रामटेककडच्या धानाला तर सगळ्यात भारी कारण चिखलात पंप घेऊन चालणं म्हणजे शिक्षा आहे. पण पांढरी माशी, तुडतुडे असलं पानाखालचं असलं तर आशा कमी ठेवा. तणनाशक ड्रोननी अजिबात मारू देऊ नका, शेजाऱ्याशी कोर्टकचेरी करायची हौस असेल तर वेगळं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते, कागदपत्रं. कारण बाजारात आता अर्धे ड्रोनवाले असे आहेत की ज्यांनी मशीन जुळवून घेतली, दोन महिने कोणाच्या तरी मागे फिरले आणि धंदा सुरू. रेट शंभर रुपये कमी असतो म्हणून लोक घेतातपण. भाऊ, हे उडणारं मशीन आहे, पंचवीस किलोच्या आसपास वजन, पंखे फिरताना हात गेला तर बोट राहत नाही.

नियम काय आहे ते थोडक्यात. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम २०२१ आले. त्याच्या आधी मार्चमध्ये एक नियमावली आली होती ती इतकी किचकट होती की पंचवीस फॉर्म आणि बहात्तर प्रकारच्या फिया, मग सरकारनीच ती गुंडाळून पाच फॉर्म आणि चार प्रकारच्या फिया केल्या. वजनावरून पाच वर्ग, २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० पर्यंत मीडियम, त्याच्या वर लार्ज. वजन म्हणजे भरलेल्या टाकीसकट. फवारणीचे दहा लिटरवाले ड्रोन म्हणूनच पंचवीसच्या जरासे आत बसवलेले असतात, सगळे बनवणारे त्याच आकड्याला चिकटून मशीन बनवतात.

ड्रोनवर त्याचा यूआयएन नंबर असतो, गाडीच्या नंबर प्लेटसारखा, तो बघा. त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मॉडेल तपासून पास केल्याचा दाखला, आहे का ते विचारा. चालवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट पाहिजे, पूर्वी याला लायसन म्हणायचे आणि ते डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) द्यायचं, फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त ट्रेनिंग संस्थाच सर्टिफिकेट देते, वय १८ ते ६५, दहावी पास, दहा वर्षं चालतं. आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स, नॅनो सोडून सगळ्यांना लागतो. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड आहे. आमच्या पायलटनी सर्टिफिकेट मोबाईलवर दाखवलं, फोटो त्याचाच होता, नंबर प्लेट ड्रोनच्या पायाजवळ चिकटवलेली होती आणि इन्शुरन्सची पीडीएफ लगेच पाठवली. मागितल्यावर तोंड वाकडं नाही केलं, उलट म्हणाला, "काका, तुम्ही विचारणारे पहिले." आता याच्यात खूश व्हावं का घाबरावं मला समजलं नाही.

पावतीवर मात्र यूआयएन नव्हता, नुसतं "फवारणी ५ एकर" आणि रक्कम. उद्या शेजाऱ्याचं पीक जळालं तर कोणत्या ड्रोननी, कोणत्या पायलटनी, कोणत्या तारखेला काय मारलं हे पावतीवर नको का? सांगितलं तर म्हणाले ऑफिसला कळवतो. कळवलं का माहीत नाही, दुसरी पावती काही आली नाही.

आणि आपल्या नागपूरवाल्यांसाठी खास, नकाशा बघा. डिजिटल स्काय या सरकारी साइटवर एअरस्पेसचा नकाशा फुकट आहे, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात एटीसीची (विमानांच्या कंट्रोल टॉवरची) लागते, लालमध्ये केंद्र सरकारची. एअरपोर्टच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत हिरवं धरतात, त्याच्या आत आलात की परवानगी. कळमेश्वरला काही प्रॉब्लेम नाही आला. पण माझ्या साळ्याचं वावर जामठ्याकडे आहे, त्यालापण याच लोकांना पाठवायचं होतं, पायलटनी लोकेशन मागवलं, नकाशावर टाकलं आणि सरळ नाही म्हणाला, इकडे परवानगीशिवाय नाही उडवत. साळेभाऊ चिडले, "अबे तुरीच्या दोन मीटर वर उडवायचं आहे, विमान काय तुरीत उतरते का?" त्यांचं बोलणं ऐकायला बरोबर वाटतं, पण नकाशा तुमची तूर बघत नाही, जमीन बघतो. सोनेगावला एअरपोर्ट आणि एअरफोर्स दोन्ही आहेत, वायुसेनानगरला मेंटेनन्स कमांड आहे, अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी, आणि डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन आलं की बंदोबस्त वेगळाच. तुरीची फवारणीपण नेमकी त्याच टायमाला येते. सर्विसवाल्यानं पाच एकराचं गिऱ्हाईक सोडलं पण नाही उडवलं, यासाठी माझ्याकडून त्याला एक्स्ट्रा मार्क.

याच्या उलट बघायचं असेल तर वर्धा रोडच्या कोणत्याही लॉनवर लग्नाला जा. नवरदेव घोड्यावर, बँड जोरात, आणि डोक्यावर भुर्रर्र करत व्हिडिओवाल्याचा ड्रोन, वरून विमान उतरून राहिलं तरी याला फरक नाही. नॅनो आणि मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलट सर्टिफिकेट लागत नाही हे खरं, पण मायक्रो ड्रोननी पैसे घेऊन लग्न शूट करणं म्हणजे हौस नाही, आणि लाल-पिवळा झोन तर हौशीलापण सुटत नाही. त्यात ९ फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरून तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, डिफेन्स, सिक्युरिटी आणि रिसर्च सोडून, फक्त सुटे पार्ट आणता येतात. मग ते चकचकीत नवीन मॉडेल लॉनवर येतात कुठून हे विचारायला गेलं तर सगळ्यांचे दुबईत नातेवाईक निघतात.

बॅटरी थंड होईपर्यंत पायलटशी गप्पा झाल्या, त्यातून एक गोष्ट नवीन कळली. ही पोरं उन्हाळ्यात फवारणी नसते तेव्हा खाणींचं मोजमाप करतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये खाणींच्या नियमात बदल झाला, वर्षाला दहा लाख टनाच्या वर खोदकामाचा प्लॅन असलेल्या किंवा ५० हेक्टरच्या वर लीज असलेल्या खाणींना दरवर्षी ड्रोन सर्व्हे करून इंडियन ब्युरो ऑफ माइन्सला द्यावा लागतो, आणि त्या ब्युरोचं हेडऑफिस आपल्या सिव्हिल लाइन्सला. कोळशाला हा नियम नाही, मँगनीज, लोहखनिज वगैरेला आहे. म्हणजे इथल्या पोरांना बारमाही काम आहे, नुसती लग्नं आणि तूर नाही. गावठाणातल्या घरांच्या मोजणीचे ड्रोन तर सगळ्यांनी पाहिलेच असतील, स्वामित्व योजनेत सर्व्हे ऑफ इंडियाचे आले होते, चुन्यानी घराच्या हद्दी आखून ठेवा म्हणून दवंडी दिली होती. आमच्या गावात त्या चुन्याच्या रेषेवरून दोन भावांत जे झालं ते इथे नाही लिहत.

आता पाचवा स्टार का गेला.

औषध कालवणारा जो पोरगा होता, वीस-बावीसचा असेल. इमामेक्टिनचा (अळीच्या औषधाचा) डबा उघडला, माप घेतलं, बादलीत टाकलं आणि उघड्या हातानी काडी फिरवायला लागला. हातमोजे नाहीत, मास्क गळ्यात, आणि तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारी). मधेच त्याच बोटांनी खर्र्याची पन्नी काढली, चिमूट तोंडात टाकली आणि परत बादली. मी ओरडलो. पायलटपण ओरडला, मग टेम्पोतून हातमोजे निघाले, म्हणजे होते, पॅकच फोडलेलं नव्हतं.

हे मला छोटं नाही वाटत. २०१७ चं यवतमाळ आपल्याला विसरता येणार नाही, त्या एका खरीपात फवारणी करता करता विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-मजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात होते, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. तेव्हापण पऱ्हाटी (कपाशी) डोक्याच्या वर गेली होती आणि लोक हात वर करून मारत होते. ड्रोनचा माझ्या नजरेत सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, पाणी वाचलं, वेळ वाचला हे नंतरचं, माणूस त्या धुक्यातून बाहेर आला हे पहिलं. पण पंपवाल्याची जागा आता कालवणाऱ्यानी घेतली, आणि त्याच्या हातात जे आहे ते पंधरा-वीस पट घट्ट. दहा एकराला दहा वेळा तो ते कालवणार, अशी दिवसाला तीन-चार गिऱ्हाइकं. पायलटला सर्टिफिकेट आहे, ड्रोनला नंबर आहे, या पोराला काय आहे? केंद्राच्या कृषी खात्यानी डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती काढली त्यात स्पष्ट आहे की धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय ऑपरेटरनी करायची, फवारणी चालू असताना संबंध नसलेला माणूस आणि जनावर वावरात येऊ द्यायचं नाही, पायलटला औषधाच्या परिणामांचंपण ट्रेनिंग पाहिजे. मंजूर औषधच, मंजूर प्रमाणातच. टेम्पोत साबण होता? नव्हता. आमच्या विहिरीवर आमच्या साबणानी हात धुतले.

आणि ड्रोनची टाकी धुतलेलं पाणी ओढ्यात टाकायला निघाले होते, तेपण मी थांबवलं, पडीत टाकायला लावलं. खालच्या अंगाला गुरं पाणी पितात.

पैशाचं सांगायचं राहिलं. ठरले होते पाचशे एकर, बिलात जनरेटरच्या पेट्रोलचे तीनशे आणि "ट्रान्सपोर्ट" दोनशे वेगळे लागले. फोनवर हे बोलले नव्हते. घासाघीस करून ट्रान्सपोर्ट सोडवलं, पेट्रोल दिलं. तुम्ही आधीच विचारून घ्या, सगळं मिळून किती, आणि पट्टा राहिला तर परत येणार का. आमच्याकडे परत येणार नाही म्हणाले, एवढ्याशा पट्ट्यासाठी परवडत नाही, ते मला पटलं.

स्वतःच घ्यावा का असंपण एक-दोघांनी विचारलं. किमती मॉडेलप्रमाणे पाच लाखांपासून दहापर्यंत ऐकल्या, सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के झाला हे बरं झालं. सबसिडी आहे, शेतकरी उत्पादक कंपनीला (एफपीओ) ७५ टक्के, भाड्यानी औजारं देणाऱ्या केंद्राला ४० टक्के म्हणजे चार लाखांपर्यंत, तेच केंद्र कृषी पदवीधरानं काढलं तर ५० टक्के म्हणजे पाच लाखांपर्यंत. बचत गटांना नमो ड्रोन दीदीमध्ये ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख, आणि पंधरा दिवसांचं ट्रेनिंग, त्यात पाच दिवस उडवायचं आणि दहा दिवस खत-औषधाचं. हे दहा दिवस मला फार आवडले. पलीकडच्या गावात अशा एक ताई आहेत, त्यांचं काम धुऱ्यावर उभं राहून बघितलं, त्यांच्या मदतनीस बाई हातमोजे, चष्मा, ॲप्रन सगळं घालून कालवत होत्या, उन्हात घामाघूम पण घालून. त्यांचा रेट जास्त नाही, अडचण एकच की त्यांच्याकडे मशीन एक आणि गावं पाच, नंबर लागत नाही. पाच-सात एकरवाल्यानी स्वतःचा घेण्यात अर्थ नाही, बॅटऱ्या दोन-तीन सीझनमध्ये बसतात आणि त्या बदलताना डोळे पांढरे होतात. गावातल्या एफपीओनी घेतला आणि एक चांगला पायलट ठेवला तर हिशोब जमतो.

तर मार्क असे: काम पाच पैकी साडेचार, पायलट पाचला पाच, कागदपत्रं चार (पावतीचा एक कापला), वेळ तीन, कालवणाऱ्या पोराची सेफ्टी एक, तोपण हातमोजे टेम्पोत होते म्हणून. सरासरी कशीही काढा, मी चार देतो. त्यांच्या मालकाला फोन करून हातमोजे-साबणाचं सांगितलं आहे, "हो काका, बघतो" म्हणाले.

परत बोलावणार का, तर हो, तुरीला आणि सोयाबीनला. बुकिंग मात्र अळी दिसल्यावर करू नका, तेव्हा सगळ्यांचीच दिसते आणि मग आठ-आठ दिवस नंबर येत नाही. तूर कळीवर आली की फोन करून ठेवा, लोकेशन पाठवून झोन कोणता येतो ते विचारा, आणि वेळ सकाळी धुवारी उठल्यावरची नाहीतर चारनंतरची घ्या, दुपारी हवापण असते आणि फुलांवर मधमाश्यापण.